गुप्तहेराचं वय

हर्क्युल पॉयरो नक्की किती वर्षांचा होता? १९२०मध्ये आलेल्या 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' या पहिल्याच कादंबरीत तो बेल्जियमच्या पोलिस खात्यातून निवृत्त झालेला आणि पहिल्या महायुद्धामुळे इंग्लंडच्या आश्रयाला आलेला गृहस्थ आहे. निवृत्त म्हणजे अगदी कमी धरलं तरी पन्नाशी ओलांडलेला. त्यानंतर पंचावन्न वर्षं तो मिशांची निगा राखत खुनी पकडत राहिला. बोटांवर हिशेब केला तर १९७५च्या 'कर्टन' या अखेरच्या कादंबरीत त्याने शंभरी गाठलेली असणार. ॲगाथा ख्रिस्तीबाईंना हे चांगलंच ठाऊक होतं. पॉयरोला सुरुवातीलाच म्हातारा करून ठेवला ही आपली चूक झाली, असं त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं आहे.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या माणसावर एकूण तेहतीस कादंबऱ्या आणि पन्नासहून अधिक कथा लिहायच्या आहेत, हे पहिलं पुस्तक लिहिताना कुणाला कळतं?

एकट्या रहस्यकादंबरीत घड्याळाचं काम एवढंच, की खून किती वाजता झाला ते ठरवायचं. मालिकेत मात्र आणखी एक घड्याळ चालू असतं आणि वाचक हळूहळू त्याच्याकडेच बघायला लागतो. खुन्याचं नाव शेवटच्या पानांत कळतं आणि महिन्याभरात विसरलंही जातं. लक्षात राहतं ते फ्रेंच इन्स्पेक्टर मेग्रेच्या बायकोने काय रांधलं होतं, स्वीडनच्या वॉलँडरला मधुमेह झाल्याचं कधी कळलं, स्कॉटलंडचा रीबस पुन्हा पबमध्ये जाऊन बसला की नाही. लागोपाठ सात-आठ भाग वाचणारा वाचक खरं तर एका माणसाचं आयुष्य वाचत असतो. त्या माणसाचं वय लेखकाने कसं सांभाळलं, यावर मालिकेची सगळी चव ठरते.

आर्थर कॉनन डॉयल यांनी तर हे काही सांभाळलंच नाही. १८८७च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन याला अफगाणिस्तानात गोळी लागते ती खांद्याला. पुढच्याच कादंबरीत ती जखम पायात उतरते. एका कथेत तर वॉटसनची बायको आपल्या जॉन नावाच्या नवऱ्याला जेम्स म्हणून हाक मारते. 'स्ट्रँड' मासिकातल्या कथांनी होम्सला अफाट लोकप्रिय केलं, डॉयलना त्याचा कंटाळा आला, १८९३मध्ये त्यांनी त्याला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकलून दिलं आणि दहा वर्षांनी पुन्हा वर काढलं. वयाचा प्रश्न मात्र त्यांनी नकळत फार हुशारीने सोडवला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घडणाऱ्या कथेत होम्स साठीचा झाला आहे, ससेक्समध्ये मधमाश्या पाळतो आहे. त्यानंतरही १९२७पर्यंत नव्या कथा येत राहिल्या, पण त्या जुन्या दिवसांतल्या. वॉटसनने बँकेत ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत न छापलेल्या प्रकरणांचे कागद आहेतच. त्यातला एक काढायचा, की होम्स पुन्हा तरुण. बाहेर मोटारी धावत होत्या आणि होम्सच्या बेकर स्ट्रीटवर अजून घोडागाडीच उभी होती.

फ्रान्समध्ये जॉर्ज सिमेनन यांनी १९३१पासून इन्स्पेक्टर मेग्रेच्या कादंबऱ्यांचा धडाका लावला आणि तीनच वर्षांत त्याला निवृत्त करून गावाकडे धाडलं. तो तिथे टिकला नाही. अखेर १९७२पर्यंत मेग्रेच्या पंचाहत्तर कादंबऱ्या झाल्या. त्यात कधी तो निवृत्तीला आलेला, कधी निवृत्त, तर कधी पुन्हा पॅरिसच्या पोलिस कचेरीत स्टोव्हपाशी पाइप ओढत बसलेला. सिमेननना या गोंधळाची लाज नव्हती. उलट त्यांनी त्यावरच एक पुस्तक लिहिलं. 'मेग्रेच्या आठवणी'त खुद्द मेग्रे बोलतो आणि सिम नावाच्या एका आगाऊ तरुण लेखकाने आपल्याबद्दल काय काय चुकीचं छापलं, याची तक्रार करतो. मेग्रेच्या बाबतीत वाचकालाही वयाचं काही वाटत नाही, हे खरं. त्या कादंबऱ्यांत महत्त्व असतं ते पावसाला, जिन्यातल्या वासाला आणि समोर बसलेल्या माणसाच्या लाचारीला.

काळाला घाबरून त्याच्यापासून पळायचं नाही, मुद्दाम त्याच्याच मागे लागायचं, असं ठरवून लिहिलेली मालिका आली ती स्वीडनमधून. माय श्योवाल आणि पेर वाल्यो हे पत्रकार जोडपं. दोघंही कट्टर डाव्या विचारांचे. मुलं झोपली, की रात्री टेबलाच्या दोन बाजूंना बसायचं आणि एक-एक प्रकरण वाटून लिहायचं, अशी त्यांची पद्धत. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत दहा कादंबऱ्या, प्रत्येकीत तीस प्रकरणं, सगळ्या मिळून तीनशे प्रकरणांची एकच मोठी कादंबरी, असा आराखडा पहिल्यापासून ठरलेला होता. मालिकेला त्यांनी नाव दिलं होतं 'एका गुन्ह्याची कथा'. हा गुन्हा एखाद्या खुन्याचा नव्हता. कल्याणकारी म्हणवणाऱ्या स्वीडिश राज्याने आपल्या सामान्य माणसाला वाऱ्यावर सोडलं, हा त्यांचा आरोप होता आणि तो शाबीत करायला दहा वर्षांचा काळ दिसणं गरजेचं होतं.

पहिल्या 'रोझाना'त गाळ काढताना कालव्यातून एका तरुणीचं प्रेत वर येतं. ती कोण, एवढं कळायलाच कित्येक आठवडे जातात. तपास करणारा पोलिस अधिकारी मार्टिन बेक वाट पाहतो, फोन करतो, सर्दीने हैराण होतो, पोट बिघडवून घेतो, घरी येऊन जहाजाचे छोटे नमुने जोडत बसतो, कारण बायकोशी बोलण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. पॉयरोची सवय असलेल्या वाचकाला ही पानं संथ वाटतात. पण पाचव्या-सहाव्या भागात हाच बेक वेगळं बिऱ्हाड करून राहू लागतो, नंतर त्याला एक मनमोकळी मैत्रीण भेटते, त्याचा सच्चा सहकारी कोलबर्ग या खात्याला विटून राजीनामा देतो, आणि तेव्हा कळतं की पहिल्या भागातला तो कंटाळा कशाची पायाभरणी होती. स्वीडनचं पोलिस दल १९६५मध्येच गावोगावच्या नगरपालिकांकडून काढून सरकारच्या एकछत्री ताब्यात गेलं होतं. मालिका पुढे सरकते तसं हे दल अधिक हत्यारबंद आणि लोकांपासून अधिक दूर होत गेलेलं दिसतं. गुप्तहेराबरोबर सगळं खातं म्हातारं होतं, असं रहस्यकथेत त्याआधी क्वचितच कुणी दाखवलं असेल.

दहावी कादंबरी 'द टेररिस्ट्स'. तिच्यात स्वीडनच्या पंतप्रधानांवर गोळी झाडली जाते. वाल्यो यांचं १९७५च्या जूनमध्ये निधन झालं. त्यानंतर अकरा वर्षांनी, फेब्रुवारी १९८६मध्ये, ओलोफ पाल्मे या खऱ्याखुऱ्या पंतप्रधानांचा स्टॉकहोमच्या रस्त्यावर गोळी घालून खून झाला.

आज ज्याला 'नॉर्डिक' रहस्यकथा म्हणून दुकानात वेगळं कपाट मिळतं, तिची मुळं इथे आहेत. हेनिंग मँकेल यांचा कर्ट वॉलँडर हा बेकचाच धाकटा भाऊ म्हणायचा. १९९१मध्ये 'फेसलेस किलर्स' आली तेव्हा तो चाळिशीत आहे, बायको सोडून गेली आहे, मुलगी तुटक वागते आणि चित्रकार बाप तेच एक निसर्गचित्र आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवतो आहे. फरक एवढाच की काही चित्रांत एक रानकोंबडा असतो, काहींत नसतो. बापाची स्मृती पहिल्याच भागापासून दगा देऊ लागलेली असते. २००९च्या 'द ट्रबल्ड मॅन'मध्ये साठीचा वॉलँडर स्वतःच अल्झायमरच्या दारात उभा आहे. धाग्याला धागा जोडणं हे ज्याचं काम, त्याच्याच डोक्यातले धागे सुटायला लागतात. मँकेलनी इथे मालिका अशी बंद केली, की पुन्हा उघडायला फटच ठेवली नाही.

स्कॉटलंडच्या इयन रँकिन यांना हे इतकं ठामपणे जमलं नाही, आणि वाचकांच्या दृष्टीने ते बरंच झालं. त्यांचा जॉन रीबस १९८७मध्ये अवतरला. त्याचं वय पुस्तकागणिक खरोखरच्या वर्षांबरोबर वाढत गेलं. साठाव्या वर्षी पोलिस नोकरी सोडावी लागे, त्यामुळे २००७च्या 'एक्झिट म्युझिक'मध्ये तोही खुर्ची सोडून निघाला. पाच वर्षांनी रँकिननी त्याला जुन्या न सुटलेल्या प्रकरणांच्या विभागात बिनवर्दीचा मदतनीस म्हणून परत आणलं. मग फुप्फुसाचा आजार आला, घराच्या पायऱ्या चढवेनात, तळमजल्यावर राहायची पाळी आली. मारामारी करणारा नायक जिना चढताना धापा टाकतो, हे वाचायला गुन्ह्याच्या तपासाइतकंच रंगतदार असू शकतं, हे रँकिननी दाखवून दिलं.

अमेरिकेत स्यू ग्राफ्टन यांनी दुसरी युक्ती काढली. त्यांची खासगी गुप्तहेर किन्सी मिलहोन १९८२च्या 'ए इज फॉर ॲलिबाय'मध्ये बत्तीस वर्षांची आहे. इंग्रजी वर्णमालेच्या एकेका अक्षरावर एकेक कादंबरी, असा संकल्प. लेखिकेची पस्तीस वर्षं गेली. किन्सीची मात्र सातच, कारण एका प्रकरणानंतर काही आठवड्यांतच दुसरं सुरू होतं. त्यामुळे २०१७च्या 'वाय'मध्येही तिच्याजवळ मोबाइल नाही, टाइपरायटर आहे, पत्ता शोधायला ती ग्रंथालयात जाऊन जुन्या निर्देशिका चाळते. १९८२मध्ये जी समकालीन कादंबरी होती, ती नुसतं एका जागी थांबून राहिल्याने ऐतिहासिक झाली. २०१७च्याच डिसेंबरमध्ये ग्राफ्टन गेल्या. 'झेड' लिहायचं राहिलं. दुसऱ्या कुणाकडून ते लिहून घ्यायचं नाही, आमच्यापुरती वर्णमाला 'वाय'लाच संपली, असं कुटुंबीयांनी जाहीर केलं.

हा धोका काही लेखकांनी आधीच ओळखला होता. ख्रिस्तीबाईंनी 'कर्टन' लिहिली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, आणि हस्तलिखित मुलीच्या नावे करून तिजोरीत ठेवून दिलं. ती छापली गेली तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पॉयरोच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर दिली. इटलीच्या आंद्रेया कामिल्लेरी यांनी तेच केलं. त्यांचा सिसिलीतला पोलिस अधिकारी साल्वो मोंताल्बानो १९९४मध्ये जन्मला तेव्हा लेखकच सत्तरीला टेकले होते. २००५च्या सुमारास त्यांनी शेवटची 'रिकार्दिनो' लिहून प्रकाशकाच्या हवाली केली आणि त्यानंतर आणखी डझनाहून अधिक मोंताल्बानो लिहिले! २०१९मध्ये वयाच्या ९३व्या वर्षी ते वारले. 'रिकार्दिनो' पुढच्या वर्षी बाहेर आली. तिच्यात लेखक स्वतः नायकाला फोन करून तपास कसा कर ते सुचवतो आणि मोंताल्बानो त्याच्यावर उखडतो. पंचावन्नाव्या वर्षापासूनच म्हातारपणाच्या धास्तीने चिडचिडा झालेला हा माणूस जेवताना मात्र कुणाशी शब्द बोलत नाही. समुद्रावरचा भाजलेला मासा समोर असताना खुनाची चर्चा त्याला पाप वाटते.

आपल्याकडे वयाचा हिशेब मन लावून ठेवला तो व्योमकेश बक्षीच्या निर्मात्याने. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२मध्ये व्योमकेशला आणलं ते कोलकात्यातला बिनलग्नाचा, विशी-पंचविशीतला तरुण म्हणून. लवकरच एका खुनाच्या तपासात त्याला सत्यवती भेटते, लग्न होतं. पुढे मूल होतं. १९३६च्या सुमाराला शरदिंदूंनी व्योमकेश थांबवला. १९३८मध्ये ते मुंबईला आले, मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी चित्रपटकथा लिहू लागले. १९५२मध्ये तो उद्योग सोडून ते पुण्याला स्थायिक झाले. पंधरा वर्षांच्या खंडानंतर व्योमकेश परतला तो या सुमारास, आणि त्याच्या उत्तरार्धातल्या बहुतेक कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. मराठी वाचकाला ही गोष्ट क्वचितच माहीत असते. याच मुक्कामात शिवकालीन महाराष्ट्रात घडणाऱ्या सदाशिव या पोराच्या साहसकथाही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या.

परतलेला व्योमकेश तोच राहिलेला नाही. 'आदिम रिपु'मध्ये १९४६च्या दंगलीतलं कोलकाता आहे आणि कथा स्वातंत्र्याच्या दिवसापर्यंत येऊन थांबते. मधल्या काळात महायुद्ध झालं, काळाबाजार आला, माणसं पैशाला चटावली, आणि हे सगळं व्योमकेशच्या बोलण्यातल्या कडवटपणात उतरलं आहे. अखेरच्या काही कथांत तर त्याचा मित्र आणि कथा सांगणारा अजितही निवेदकाच्या खुर्चीतून उठतो. तो प्रकाशनाच्या धंद्यात गुंतला आहे. वॉटसनला असा पोटापाण्याचा व्यवसाय करायला कुणी मोकळं सोडलं नव्हतं. त्याचा दवाखाना होम्सची चिठ्ठी आली की बंद!

सत्यजित राय यांच्या फेलूदाने बरोबर उलटी वाट धरली. १९६५मध्ये 'संदेश' मासिकात तो आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि पुढची सत्तावीस वर्षं तो फार तर सात-आठ वर्षांनी वाढला असेल. मुलांच्या मासिकातला नायक. दर दिवाळीला, दर पूजेला नवी पिढी त्याला पहिल्यांदाच भेटणार. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे तो मराठी घरांतही पोचला. त्यातली वेरूळच्या कैलास लेण्याभोवती फिरणारी कथा मराठी मुलं जास्तच आवडीने वाचतात.

मराठीतले आपले गडी तर फेलूदाच्याही पुढे गेले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड, धनंजय यांना वयच नाही. अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत, गुरुनाथ नाईकांचीही मोजणी हजाराच्या पलीकडे जाते. हजार पुस्तकांत नायकाची पाठ दुखायला लागली असती तर कसं व्हायचं? पण यामागे एक व्यवहारही दिसतो. ही पुस्तकं विकत घेणारे थोडे, गल्लीतल्या भाड्याच्या वाचनालयातून आणणारे फार. फळीवर जे शिल्लक असेल ते घ्यायचं, रात्रीत संपवायचं, सकाळी बदलायचं. कितवा भाग हातात येईल याचा भरवसा नाही, तेव्हा प्रत्येक पुस्तकात नायकाला कोऱ्या पाटीनिशीच उभं राहावं लागणार. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास असे वेगवेगळ्या वळणाचे नायक उभे केले, त्यांना बोलण्याची ढब दिली, विनोद दिला. वय मात्र त्यांनीही फारसं दिलं नाही. मराठीत रहस्यकथा विपुल झाली आणि तरीही चाळिशी, पन्नाशी, निवृत्ती असं सलग आयुष्य जगलेला मराठी गुप्तहेर चटकन आठवत नाही, याची थोडी चुटपुट लागते.

मुंबईचा मराठी पोलिस अधिकारी लांबलचक मालिकेचा नायक झाला तो इंग्रजीत, एका इंग्रजाच्या हातून. एच. आर. एफ. कीटिंग यांच्या इन्स्पेक्टर गणेश घोटेची पहिली कादंबरी 'द परफेक्ट मर्डर' १९६४ची. मुंबई न पाहताच कीटिंगनी तिच्यावर दहाएक वर्षं पुस्तकं लिहिली. २०००पर्यंत कादंबऱ्या येत राहिल्या आणि एवढ्या वर्षांत बिचाऱ्या घोटेला एकही बढती मिळाली नाही. वरिष्ठांची बोलणी खाणारा, घरी बायकोला, प्रतिमाला घाबरणारा हा माणूस पुढे सरकेना, तेव्हा २००८मध्ये कीटिंग मागे गेले आणि तो नुकताच इन्स्पेक्टर झाला होता त्या दिवसांतलं त्याचं पहिलं प्रकरण त्यांनी लिहिलं.

अलीकडच्या मालिकांत सुजाता मॅसी यांची पेरवीन मिस्त्री लक्ष वेधून घेते. १९२१च्या मुंबईतली ही पारशी वकील वडिलांच्या कचेरीत काम करते. पडद्यातल्या बायकांशी थेट बोलता येणं, ही तिची ताकद. तिच्यामागे कॉर्नेलिया सोराबजी यांची सावली आहे. त्या १८६६मध्ये नाशिकला जन्मल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. पेरवीनला अशिलासाठी कागद तयार करता येतात, पण कोर्टात उभं राहून बाजू मांडता येत नाही. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३चा. २०१८ ते २०२३ या काळात चार कादंबऱ्या झाल्या आणि मालिकेचं घड्याळ १९२२पर्यंतच आलं होतं. पुढे काय होणार ते इतिहासाच्या पुस्तकात छापलेलं आहे, तरी वाचक त्या तारखेची वाट बघत भाग विकत घेतो.

आणि रिचर्ड ऑस्मन यांनी सगळा खेळच म्हातारपणापासून मांडला. २०२०च्या 'द थर्सडे मर्डर क्लब'मधले चौघे तपासनीस केंट परगण्यातल्या एका वृद्धवसाहतीत राहतात आणि दर गुरुवारी जुन्या प्रकरणांच्या फायली चाळतात. विनोद भरपूर, केक भरपूर. चौथ्या 'द लास्ट डेव्हिल टू डाय'मध्ये मात्र या चौघांतल्या एलिझाबेथच्या नवऱ्याचा, स्टीफनचा स्मृतिभ्रंश इतका जवळून येतो, की खुनाचा धागा काही काळ बाजूला राहतो आणि वाचकाची त्याला हरकत नसते.

मग वाचायचं कुठून, हा प्रश्न उरतो. मेग्रे आणि फेलूदा हाताला येईल तिथून उचलावेत. बेक आणि वॉलँडर क्रमानेच वाचावेत. मधूनच सुरू केले तर अर्धी गंमत जाते. व्योमकेशही क्रमाने, निदान लग्नाची कथा चुकवू नये. रीबसच्या बाबतीत मात्र पहिल्या पुस्तकाचा आग्रह नको. ते लिहिताना आपण रहस्यकथा लिहितो आहोत हे रँकिनना स्वतःलाच वाटत नव्हतं. दुकानात ते रहस्यकथांच्या कपाटात पाहून त्यांनाच नवल वाटलं होतं. आठवं, १९९७चं 'ब्लॅक अँड ब्लू' आधी घ्यावं. आवडलं तर उलट्या वाटेने मागे जावं आणि मग सरळ पुढे, २०२४च्या 'मिडनाइट अँड ब्लू'पर्यंत. तिथे रीबस एडिंबराच्या तुरुंगात आहे, कैदी म्हणून, आणि एका कुलूपबंद कोठडीत मुडदा सापडल्यावर अधिकाऱ्यांना त्याचीच आठवण होते.